घरगुती ध्वनियंत्रणेतील घटकांची जुळणी : बोलीच्या श्रवणाच्या दृष्टीने

घरातील ध्वनियंत्रणा सुधारावयाची म्हणजे पहिला विचार बहुधा मोठ्या शक्तीच्या अँप्लिफायरचा येतो. तो आणला जातो, जुन्या स्पीकरांना जोडला जातो आणि काही दिवस आवाज अधिक चांगला वाटतो. कारण तो अधिक मोठा असतो. मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज यांतील हा घोटाळा करमणुकीपुरते ऐकणाऱ्यास फारसा बाधत नाही. परंतु ध्वनिमुद्रित बोली ऐकून तिचे ध्वनिलेखन ज्याला करावयाचे आहे, किंवा जुन्या तबकडीवरील गायिकेचे शब्दोच्चार ज्याला नोंदवावयाचे आहेत, त्याच्या बाबतीत हाच घोटाळा नोंदींत उतरतो, आणि तेथून तो पुढच्या अभ्यासकाच्या हाती पुरावा म्हणून जातो.

नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे गाव हातमागासाठी परंपरेने ओळखले जाते. तेथील कोष्ट्याला हे सांगावे लागत नाही की, सूत बारीक आणि फणी विरळ असली तर वस्त्र झिरझिरीत होते. आणि फणी दाट असून सूत जाड असले तर धागे घासून तुटतात. सूत उत्तम आहे किंवा फणी उत्तम आहे, एवढ्याने त्याचे काम भागत नाही. एकाचे दुसऱ्याशी प्रमाण जमावे लागते. ध्वनियंत्रणेतही तबकडीच्या खाचेपासून श्रोत्याच्या कानापर्यंत सात-आठ सांधे असतात, आणि दोष बहुतेक वेळा घटकांत नसून सांध्यांत असतो. उदाहरणादाखल खाप्यासारख्या गावातील एक साधी खोली, वडिलांच्या काळातील काही तबकड्या, क्षेत्रकार्यात ध्वनिमुद्रित केलेले संभाषण आणि मर्यादित पैसा एवढ्यांवरून या सांध्यांचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम ऐकावयाचे काय, हे ठरविले पाहिजे. पुरुषाच्या बोलण्यातील मूळ स्वर सामान्यतः सेकंदास १०० ते १२५ कंपनांचा, म्हणजे तितक्या हर्ट्झ कंप्रतेचा असतो. स्त्रीचा सुमारे २०० ते २२० हर्ट्झचा. स्वरांची ओळख पटविणारी पहिली दोन अनुस्पंदने साधारणपणे ३०० ते २,५०० हर्ट्झ या पट्ट्यात येतात. व्यंजनांची गोष्ट वेगळी. ‘श’ची घर्षणशक्ती मुख्यत्वे २,५०० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास साठते, ‘स’ची त्याहून वर, ४,००० ते ५,००० हर्ट्झच्या पलीकडे.

मराठीच्या दृष्टीने या अखेरच्या आकड्यांना विशेष महत्त्व आहे. ‘चार’ या संख्यावाचकातील ‘च’ तालव्य आहे आणि ‘चारा’ या शब्दातील ‘च’ दंततालव्य. ‘जरा’ म्हणजे थोडेसे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य हे दोन शब्द लेखनात एकरूप आहेत. पहिल्यातील ‘ज’ दंततालव्य आणि दुसऱ्यातील तालव्य, एवढाच काय तो भेद. देवनागरी लिपीत हा भेद दाखविण्याची रूढ सोय नाही. जेथे लिपी मुकी आहे तेथे साक्ष ध्वनीचीच घ्यावी लागते. आणि या दोन उच्चारांना वेगळे करणारी घर्षणशक्ती नेमकी त्या पट्ट्यात आहे, जो जुळणी बिघडलेल्या यंत्रणेत सर्वांत आधी हरवतो.

याउलट ‘ळ’चे. वऱ्हाडी बोलीत ‘डोळे’चे ‘डोये’ आणि ‘शाळा’चे ‘शाया’ होते हे सर्वश्रुत आहे. ‘ळ’ आणि ‘य’ यांना वेगळे करणाऱ्या खुणा दुसऱ्या व तिसऱ्या अनुस्पंदनांच्या हालचालीत, म्हणजे बहुतांशी १,५०० ते ३,००० हर्ट्झच्या दरम्यान असतात. त्या टेलिफोनच्या ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यातूनही बऱ्याच अंशी पार होतात. तेव्हा एकाच जुन्या ध्वनिमुद्रणाच्या आधारे ‘ळ’विषयी विश्वासाने बोलता येते आणि ‘च’विषयी मात्र मौन पाळावे लागते, अशी स्थिती अगदी शक्य आहे. यंत्रणा सुधारण्यापूर्वी हा विवेक हवा.

कारण मुळात जे नाही ते कोणत्याही अँप्लिफायरला निर्माण करता येत नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९१३ ते १९२९ या काळात त्याच सर्वेक्षणाला जोडून भारतीय भाषा व बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या, आणि आज त्या संगणकीय रूपात शिकागो विद्यापीठाच्या द्वारे अभ्यासकांना ऐकावयास मिळू लागल्या आहेत. यांतील आरंभीची ध्वनिमुद्रणे यांत्रिक पद्धतीची आहेत. त्या पद्धतीत बोलणारा कर्ण्यासमोर उभा राही आणि त्याच्या आवाजाचीच शक्ती पडद्याद्वारे मेणावर खाच कोरी. या पद्धतीत सुमारे १७० हर्ट्झच्या खालचे आणि दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उतरत नसे. पुरुषवक्त्याचा मूळ स्वरच त्यातून गळून पडे, आणि कान तो वरच्या पटींवरून मनाशी पुन्हा रचून घेई. १९२५ पासून विद्युत् पद्धती आली आणि वरची मर्यादा पाच हजार हर्ट्झच्या आसपास, पुढे त्याहूनही वर गेली. १९४८ साली दीर्घवादन तबकडी, १९५८ च्या सुमारास द्विमार्गी म्हणजे स्टीरिओ तबकडी आणि १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क, असा पुढचा क्रम आहे. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणाची वाहिन्यांमधील अंतरे ९ किलोहर्ट्झची असल्यामुळे अशा प्रक्षेपणातून ग्राहकाला साधारणतः साडेचार हजार हर्ट्झपर्यंतचाच ध्वनी मिळतो. रेडिओवरील वार्तापत्रात ‘स’ थोडा बोथट वाटे तो त्यामुळे. निवेदकाचा त्यात दोष नसे.

आता तबकडीच्या खाचेकडे वळले पाहिजे, कारण पुष्कळ यंत्रणांचा खरा बिघाड येथेच आहे आणि येथेच झालेले नुकसान कायमचे असते. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ३ सहस्रांश इंच, म्हणजे ०.०७६ मिलिमीटर अग्रत्रिज्येची सुई लागते. दीर्घवादन तबकडीच्या सूक्ष्म खाचेसाठीची गोल सुई सुमारे ०.०१८ मिलिमीटरची असते. ही बारीक सुई रुंद खाचेत ठेवली तर ती भिंतींना टेकण्याऐवजी तळाशी डोलत राहते. तळात साठलेली धूळ आणि झिजेचा चुरा यांचाच आवाज मग ऐकू येतो. मूळ ध्वनी त्यामागे लपतो. उलट जाड सुई सूक्ष्म खाचेवर चालविली तर ती खाचेच्या कडांवरून सरकते आणि एका वाजविण्यात तबकडी निकामी करू शकते. एकाच टर्नटेबलवर दोन्ही प्रकारच्या तबकड्या ऐकावयाच्या असतील तर अदलाबदल करता येणाऱ्या दोन सुया घेणे, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक सुधारणा होय. अँप्लिफायरवर दहापट खर्च करूनही तिचे काम होत नाही.

वजनाचाही प्रश्न आहे. जुन्या चावीच्या ग्रामोफोनचा ध्वनिपेटिकेसह असलेला भार शंभर ग्रॅमच्या वर जाई, आणि पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागे. ती तबकडीच्या लाखेवर घासून स्वतः झिजावी अशीच योजना होती. तबकडी वाचे ती सुईच्या झिजेमुळे. आजच्या कार्ट्रिजला ७८ च्या खाचेत तीन ते पाच ग्रॅम भार पुरतो. घरात जुना ग्रामोफोन शोभेसाठी असेल तर तो शोभेसाठीच राहू द्यावा; एकुलती एक प्रत उरलेली तबकडी त्यावर पाहुण्यांना ऐकविणे हा शुद्ध अविचार आहे.

कार्ट्रिज आणि तिला धरणारी भुजा यांचीही एकमेकांशी जुळणी असते. सुईच्या आधाराची लवचिकता आणि भुजेचे परिणामी वस्तुमान मिळून एक स्प्रिंग-वजनाची जोडी बनते व तिला स्वतःची अनुस्पंदन-कंप्रता असते. वस्तुमान ग्रॅममध्ये आणि लवचिकता उत्पादकांच्या नेहमीच्या एककात घेतली, तर दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने १५९ ला भागले असता ही कंप्रता हर्ट्झमध्ये मिळते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असणे इष्ट. कारण तिच्याखाली तबकडीच्या वाकलेपणाची हालचाल असते आणि तिच्या वर श्राव्य ध्वनी सुरू होतो. भुजा १२ ग्रॅमची, कार्ट्रिज ६ ग्रॅमची आणि लवचिकता २० असल्यास उत्तर ८.४ येते, ही जोडी चालेल. तीच कार्ट्रिज-वजनाची पण ३० लवचिकतेची नाजूक आणि महागडी कार्ट्रिज २५ ग्रॅमच्या जड भुजेला लावली तर उत्तर ५.२ येते. मग तबकडी किंचितही वाकलेली असली की सुई डुलू लागते, आणि दीर्घ स्वरांत असा कंप येतो, जो वक्त्याच्या वयाचा परिणाम समजला जाण्याचा संभव असतो. महाग कार्ट्रिजने यंत्रणा बिघडविण्याचा हा प्रकार दुर्मिळ नाही.

खाचेतून निघालेला विद्युत् संकेत फार दुबळा असतो. चलचुंबकी कार्ट्रिजचा तीन ते पाच सहस्रांश व्होल्ट, चलवेटोळी कार्ट्रिजचा त्याच्याही दहाव्या हिश्शाइतका. म्हणून कोणते पूर्वविवर्धक कोणत्या कार्ट्रिजसाठी आहे ते पाहिले पाहिजे. चलचुंबकी प्रकाराला ४७,००० ओहमचा भार रूढ आहे. परंतु शक्तीहूनही महत्त्वाची बाब समकरणाची आहे. तबकडी कोरताना खालच्या कंप्रता मुद्दाम दाबलेल्या आणि वरच्या मुद्दाम उचललेल्या असतात. वाजविताना तितकेच उलट करावयाचे असते. १९५४ च्या सुमारास यासाठी एक सर्वमान्य वक्र ठरला, आणि आज बाजारात मिळणारी बहुतेक सर्व पूर्वविवर्धके तोच एक वक्र जाणतात. त्यात वाजविताना ५,००० हर्ट्झवर सुमारे ८ डेसिबेल आणि १०,००० हर्ट्झवर सुमारे १४ डेसिबेल इतकी कपात होते.

त्याआधीच्या तबकड्यांना मात्र हा वक्र लागू नाही. कंपनीगणिक व काळागणिक त्यांची कोरण्याची रीत वेगळी होती, आणि आरंभीच्या विद्युत् तबकड्यांत वरच्या कंप्रता उचललेल्याच नव्हत्या. जे उचललेले नव्हते ते आजच्या यंत्राने दाबले की काय होते, हे उघड आहे. ज्या पट्ट्यात ‘स’ आणि दंततालव्य ‘च’ यांची ओळख आहे तोच पट्टा आठ डेसिबेलने खाली जातो, आणि आधीच लाखेच्या खरखरीत अर्धवट बुडालेले व्यंजन पूर्ण बुडते. ऐकणारा म्हणतो, त्या काळचे गायक व्यंजने मऊ उच्चारीत. तबकडीवरील आवाज संगणकात साठविताना हाच दोष राहिला आणि मूळ तबकडी नंतर फुटली, तर एका पिढीच्या उच्चारपद्धतीविषयीचा हा गैरसमज तपासून पाहण्याचे साधनच उरत नाही. तात्पर्य, ७८ च्या तबकड्यांसाठी समकरण बदलता येणारे पूर्वविवर्धक घ्यावे. ते परवडत नसेल तर समकरणाविना संकेत संगणकात घेऊन नंतर आज्ञावलीने वक्र लावावा आणि कोणता वक्र लावला हे नोंदवून ठेवावे.

वेगाचेही तेच. ‘७८’ हा आकडा पुढे रूढ झाला. जुन्या तबकड्या सत्तर ते ऐंशी फेऱ्यांच्या दरम्यान कोणत्याही वेगाने कोरलेल्या आढळतात. ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ ने वाजविली तर सर्व कंप्रता साडेपाच टक्क्यांच्या जवळपास वाढतात. गायनात हा फरक जवळजवळ अर्ध्या स्वराचा होतो. १२० हर्ट्झवर बोलणारा मनुष्य १२६ वर जातो एवढ्याने कोणी फसणार नाही. पण स्वरांची अनुस्पंदनेही त्याच प्रमाणात सरकतात, आणि त्यावरून स्वरांचे आलेख काढले की ‘आ’ थोडा अधिक विवृत दिसू लागतो.

येथे स्टीरिओ कार्ट्रिजचा एक अनपेक्षित लाभ सांगण्याजोगा आहे. ७८ ची बहुतेक तबकडी एकमार्गी आणि आडव्या कंपनाची असते. तिच्यातील उभी हालचाल म्हणजे केवळ खरखर. द्विमार्गी कार्ट्रिजचे दोन्ही मार्ग एकत्र केले की उभ्या हालचालीचे संकेत परस्परांना छेदतात आणि आडवे मिळतात. अँप्लिफायरवरील ‘मोनो’ असे लिहिलेली कळ दाबणे एवढेच हे काम आहे. कित्येक नव्या अँप्लिफायरांतून ही कळ गाळली गेली आहे, आणि यास सुधारणा म्हणवत नाही.

पुढचे सांधे तुलनेने सोपे आहेत. एका घटकाचा निर्गम-संरोध दुसऱ्याच्या प्रवेश-संरोधाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावा, हा व्यवहारातील नियम. १,००० ओहमच्या निर्गमाला १०,००० ओहमचा प्रवेश जोडल्यास एक डेसिबेलही हानी होत नाही. दोन्ही १०,००० असल्यास मात्र संकेत निम्मा होतो. संकेताच्या पातळीचेही भान हवे. सीडी-वादक सुमारे दोन व्होल्ट देतो, तर जुन्या अँप्लिफायरला पूर्ण शक्तीसाठी २०० सहस्रांश व्होल्टही पुरत असत. अशी जोडी केली की आवाजाची कळ जेमतेम हलविताच घर दणाणते, आणि कळीच्या आरंभीच्या भागात दोन्ही मार्ग सारखे नसल्यामुळे ध्वनी एका बाजूस झुकतो. मधे एक लहानसा क्षीणक घातला की काम भागते.

स्पीकरच्या तारांविषयी बाजारात जितके बोलले जाते तितके बोलण्यासारखे त्यांत काही नाही. दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेची दहा मीटर लांबीची जोडी घेतली तर जाता-येता मिळून रोध ०.२३ ओहम होतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे तीन टक्के, म्हणजे क्षम्य आहे. अर्ध्या चौरस मिलिमीटरची विजेच्या दिव्याची तार त्याच अंतरासाठी वापरली तर ०.६९ ओहम, म्हणजे नऊ टक्क्यांच्या जवळ, ती टाळावी. यापलीकडे तारेवर पैसा घालण्याचे कारण नाही. एक मात्र तपासावे : दोन्ही स्पीकरांच्या धन-ऋण जोडण्या सारख्या आहेत ना. एक उलटी असली तर खालचे स्वर परस्परांना मारतात आणि बोलणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध उभा राहण्याऐवजी खोलीभर पसरतो. वर्षानुवर्षे अशा जोडणीने ऐकणारी आणि स्पीकरला दोष देणारी घरे थोडी नाहीत.

आता शक्तीचा प्रश्न. स्पीकरची संवेदनशीलता म्हणजे एक वॅट दिला असता एक मीटरवर मिळणारी ध्वनिपातळी. मध्यम स्पीकरांत ती ८७ डेसिबेलच्या आसपास असते. शक्ती दुप्पट केली की तीन डेसिबेल वाढतात, दसपट केली की दहा. आणि कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटण्यास सुमारे दहा डेसिबेल लागतात. म्हणजे ३० वॅटचा अँप्लिफायर काढून ६० वॅटचा आणला तर मिळकत तीन डेसिबेलची, जी लक्ष देऊन ऐकल्यास जाणवेल इतकीच. ८१ डेसिबेलचे स्पीकर काढून ८७ चे आणले तर चौपट शक्तीचे काम होते, आणि अँप्लिफायर जुनाच राहतो.

विदर्भाच्या उन्हाळ्यात या हिशेबाला एक स्थानिक अंग आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, आणि खिडकीतील कूलर दिवसभर चालू असतो. खोलीत त्याचा आवाज ६० डेसिबेलच्या घरात आहे असे धरू. बोलणे नीट कळण्यासाठी ते त्याहून १५ डेसिबेल वर, म्हणजे ७५ वर हवे. ८७ डेसिबेलच्या दोन स्पीकरांपासून तीन मीटरवर बसलेल्याला, भिंतींवरून परतणारा ध्वनी सोडून दिला तरी, प्रत्येकी एका वॅटमध्ये ८० मिळतात. म्हणजे सरासरीसाठी पाव-तृतीयांश वॅट पुरे. बोलण्यातील व गाण्यातील शिखरे सरासरीहून आणखी १५ डेसिबेल वर जातात असे धरल्यास नऊ-दहा वॅट लागतात. वीस-तीस वॅटचा अँप्लिफायर अशा खोलीला पुरून उरतो. स्पीकर ८१ चे असतील तर मात्र छत्तीस-चाळीस वॅट हवेत आणि तेव्हा लहान अँप्लिफायर शिखरे कापू लागेल. हे कापणे म्हणजे शब्दांच्या आरंभीचे स्फोटक उच्चार बोथट होणे. आणि कूलर अर्धा तास बंद ठेवला, मागची पातळी पंधरा डेसिबेलने उतरली, तर तितक्याच स्पष्टतेसाठी तिसावा हिस्सा शक्ती पुरते. कूलरचा घोष मुख्यतः हवेच्या घर्षणाचा, म्हणजे ‘स’च्याच जातीचा असल्यामुळे तो नेमका घर्षक व्यंजनांवर पांघरूण घालतो, तेव्हा ध्वनिलेखनाचे काम सकाळी सहाला करणे ही कोणत्याही खरेदीहून मोठी सुधारणा ठरेल.

अँप्लिफायर व स्पीकर यांच्या संरोधाविषयी एवढेच की, ‘आठ ओहम’ ही केवळ नाममात्र संख्या असते; प्रत्यक्षात कंप्रतेनुसार तो तीन-चार ओहमपर्यंत उतरतो आणि कधी वीस-तीसपर्यंत चढतो. जुन्या निर्वात-नलिकांच्या अँप्लिफायरना म्हणून चार, आठ व सोळा ओहमच्या वेगवेगळ्या जोडण्या दिलेल्या असत, आणि त्यांचा निर्गम-संरोध बराच असल्याने स्पीकरच्या चढउतारांप्रमाणे आवाजाचा रंग बदले. आजच्या अर्धवाहक अँप्लिफायरला ही अडचण फारशी नसते. चार ओहमला योग्य आहे की नाही हे मात्र वाचून घ्यावे.

सर्वांत मोठा घटक दुकानात मिळत नाही, तो म्हणजे खोली. चार मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच, गिलावा केलेल्या भिंती आणि फरशीची जमीन अशी खोली घ्यावी. तिचे घनफळ ३६ घनमीटर आणि पृष्ठफळ ६६ चौरस मीटर. अशा कठीण पृष्ठांवर आदळलेल्या ध्वनीपैकी तीन टक्के शोषले जातात असे धरले तर एकूण शोषण दोन चौरस मीटरइतकेच. हार्वर्डच्या सॅबिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसविलेल्या सूत्राप्रमाणे घनफळास ०.१६१ ने गुणून शोषणाने भागले की निनादकाल मिळतो. रिकाम्या खोलीचा तो जवळजवळ तीन सेकंद येतो. बोलणे स्पष्ट कळण्यासाठी तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा. मराठी बोलणारा सेकंदात पाच-सहा अक्षरे सहज बोलतो. तीन सेकंदांच्या निनादात प्रत्येक अक्षरावर मागच्या पंधरा अक्षरांची सावली पडते. शब्दान्तीचे क्षीण अनुनासिक, म्हकार-न्हकारातील श्वास अशा बारीक गोष्टी त्या सावलीत जातात.

अर्ध्या सेकंदासाठी सुमारे साडेअकरा चौरस मीटर शोषण हवे. कापसाच्या जाड गाद्या, एकावर एक घातलेल्या गोधड्या, चुण्या घालून सोडलेले जाड पडदे ही सामग्री मध्यम व वरच्या कंप्रतांत आपल्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक शोषण देते. समोरच्या व मागच्या भिंतीवर मिळून पंधरा-सोळा चौरस मीटर पडदा व दोन गाद्या एवढ्याने हा पल्ला बहुतांशी गाठता येतो. ध्वनिशास्त्रीय म्हणून विकल्या जाणाऱ्या पातळ फोमच्या पट्ट्यांची मग गरज राहत नाही. त्या केवळ वरच्या कंप्रता खातात आणि खोलीला मंद, घुसमटलेली करून सोडतात.

खालच्या कंप्रतांवर मात्र गाद्यांचा इलाज चालत नाही. समांतर भिंतींमध्ये ध्वनी अडकून उभ्या लहरी होतात. चार मीटरच्या लांबीत पहिली ४३ हर्ट्झवर. तीन मीटरच्या रुंदीत ५७ वर आणि दुसरी ११५ वर. उंचीही तीन मीटर असल्यामुळे तिच्या लहरीही त्याच कंप्रतांवर येतात व दोन्हींची भर एकावर एक पडते. ११५ हर्ट्झ म्हणजे पुरुषाच्या बोलण्याचा नेमका मूळ स्वर! अशा खोलीत पुरुषाचे बोलणे घुमते आणि स्त्रीचे मोकळे वाटते. जुना स्पीकर बदलून नवा आणला तरी घुमणे तसेच राहते; मग तोही बदलला जातो. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून दोन हात पुढे आणणे आणि श्रोत्याने खोलीच्या नेमक्या मध्यावर किंवा भिंतीला टेकून न बसता लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर बसणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे. आवाजाच्या पोताविषयी, विशेषतः श्वासयुक्त आवाजाविषयी, लिहावयाचे असल्यास खोलीतून ऐकलेल्यावर विसंबू नये. तो निर्णय कानाला लावावयाच्या हेडफोनवर किंवा संगणकीय मोजणीवर करावा, कारण ती मोजणी खोलीतून जात नाही. हेडफोनमध्ये मात्र स्वरांचे ध्वनिलेखन तासन्‌तास करणे थकविणारे असते, आणि थकलेला कान ओळखीचे तेच ऐकू लागतो.

तेव्हा पैसा थोडा असल्यास तो प्रथम सुई, नंतर समकरण, नंतर खोली, मग स्पीकर आणि सर्वांत शेवटी अँप्लिफायर या क्रमाने खर्च करावा, असे म्हणता येईल. दुकानदार याच्या नेमका उलट क्रम सांगतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते सयुक्तिकही आहे. केवळ क्षेत्रकार्यातील नवी संगणकीय ध्वनिमुद्रणे ऐकावयाची असतील तर पहिल्या दोन पायऱ्या अर्थातच गळतात आणि खोलीपासून आरंभ करावा लागतो.

तबकड्यांच्या जपणुकीविषयी दोन व्यावहारिक सूचना येथे अस्थानी होणार नाहीत. विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर तबकड्या आडव्या रचून ठेवल्यास त्या स्वतःच्याच वजनाने वाकतात; त्या उभ्या, एकमेकींना सैल टेकून, घराच्या सर्वांत थंड भिंतीशी ठेवाव्यात. आणि ७८ ची तबकडी पुसण्यासाठी स्पिरिट किंवा इतर कोणताही मद्यार्कयुक्त द्राव कधीही वापरू नये. तो विनाइलच्या तबकडीला चालतो. लाख मात्र मद्यार्कात विरघळते, आणि तिच्याबरोबर खाचही. स्वच्छ पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसावे, मधला कागद भिजू देऊ नये, आणि तबकडी सावलीत पूर्ण वाळल्यावाचून तिच्यावर सुई ठेवू नये.